तीन फ्रेशर, एक एक्सेल आणि मी

ठाणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तब्येती ठीक. आईची शुगर आटोक्यात, माझा गुडघा फक्त पावसात बोलतो. पुढे.

ऑफिसात मेंटॉरिंगचा कार्यक्रम निघालाय आणि माझ्या नावापुढे तीन फ्रेशर टाकलेत. सोबत एक एक्सेल: सेशनची तारीख, विषय, मिनिटं, आणि शेवटचा रकाना 'समाधान, १ ते ५'. आपल्याला शिकवणारे अण्णा यावर काय म्हणाले असते ते तुला माहीत आहे आणि पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण एक्सेलचं मी बघून घेईन. खरी गोम अशी की या तिघांचं एप्रिलचं रेटिंगही मीच द्यायचंय. जो मार्क देणार त्यालाच जाऊन 'मला हे येत नाही' असं कोण सांगेल? आपण अण्णांना काहीही विचारायचो, कारण आपलं रेटिंग त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात रेटिंग असतं, तर तुझ्या काही प्रश्नांमुळेच तू आज कोडिंग सोडून एमबीए असतास.

आणि आता तर न विचारता निभावण्याची सोय झाली आहे. मशीनला, म्हणजे एआयला, विचारलं की कोड हातात. तू म्हणशील, मग मेंटॉर कशाला? बंड्या, मशीन विचारलेल्याचं उत्तर देतं. काय विचारायचं हेच नव्या पोराला ठाऊक नसतं.

समज, ओटीपीचा मेसेज मराठीत करायचा आहे. मजकूर बदलला, टेस्ट हिरव्या (म्हणजे पास), काम संपलं. पण इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीत ७०. त्यापुढे गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. शंभर अक्षरांचा गोड मराठी मेसेज म्हणजे बिल दुप्पट. शिवाय 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, मोजणीत ते दहा भरतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरच्या मजकूर साठवायच्या पद्धतीत) ३० बाइट. त्यातून नवा मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजच्या नोंदणी यंत्रणेवर) आधी मंजूर करून घेतला नसेल तर मेसेज ऑपरेटरकडेच अडतो आणि आपल्या लॉगमध्ये मात्र 'पाठवला' असं दिसतं. यातलं काहीही कोडमध्ये दिसत नाही. ज्याने ते बिल एकदा पाहिलंय तोच बदल बघून विचारतो, 'अरे, लांबी किती?'

तसंच वेळेचं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. रिपोर्टमध्ये नुसती तारीख लावली की रात्री बारा ते पहाटे साडेपाचचे व्यवहार आदल्या दिवसात जाऊन बसतात. दिवसभरात तपासणाऱ्याला सगळं बरोबरच दिसतं. आणि पेमेंटचा टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तरच न येणं! टाइमआउट म्हणजे 'झालं नाही' असं धरून पोरगं पुन्हा रिक्वेस्ट मारतं. त्याचा खरा अर्थ 'झालं की नाही ते कळलं नाही' इतकाच असतो. दोन्ही वेळा एकच आयडेंपोटन्सी की (व्यवहार तोच आहे हे ओळखवणारा नंबर) पाठवली नाही तर ग्राहकाचे दोनदा कापले जातात.

बरं, मी काय करणार ते सांगतो, तू नेहमीप्रमाणे चुका काढ.

पहिल्या आठवड्यात तिघांनी आपापल्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट रीडमी (सोबतची माहितीची फाइल) वाचून उभा करायचा आणि जिथे अडेल तिथे रीडमी दुरुस्त करायचा. पहिला कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला पहिला बदल, तोच. नव्या माणसालाच त्यातली भोकं दिसतात, आपल्याला सवयीने दिसत नाहीत. मग छोटे बग, पण दर वेळी बग दाखवणारी टेस्ट आधी, दुरुस्ती नंतर.

अडलं तर ३० मिनिटं स्वतः झगडायचं, त्यापुढे विचारायचं. विचारताना तीन ओळी: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं. अर्धे प्रश्न तिसरी ओळ लिहितानाच सुटतात. आणि विचारायचं टीमच्या चॅनलवर, मला एकट्याला नाही. त्यासाठी मीही माझे प्रश्न तिथेच टाकायला हवेत, नाहीतर विचारणं हे फक्त ज्युनियरचं काम ठरतं आणि चॅनल आठवड्यात सुनं पडतं.

रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायला, ४०० ओळींच्या वरचा बदल घ्यायचा नाही. तेवढं कोणी वाचत नाही, खाली सरकवतो आणि 'एलजीटीएम' (लुक्स गुड टू मी) लिहितो. (नाव घेत नाही.) प्रत्येक कॉमेंटच्या आधी एक शब्द: 'अडतंय', 'सुचवतोय' किंवा 'विचारतोय'. हे नसेल तर फ्रेशरला सगळ्या कॉमेंट सारख्याच जोराच्या वाटतात. तो व्हेरिएबलच्या नावावर दुपार घालवतो आणि अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन मागे घ्यायचं काम तसंच राहतं. ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस याचा निकाल आता फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी करणारा प्रोग्रॅम, लावतो. आपण त्यात घालवलेली वर्षं मात्र कोणी परत करणार नाही, आणि स्पेसच बरोबर होतं.

ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड झाला की धावायच्या पाळीला, पहिल्या दोन फेऱ्या नुसतं शेजारी बसायचं. पुढच्या दोन फेऱ्यांत कीबोर्ड त्याच्याकडे, मी शेजारी. मग एकटा, मी फोनवर. पण इथे सीनियरने तोंडाने बोलत राहायला हवं: 'आधी गेल्या दोन तासांतले डिप्लॉय (सर्व्हरवर चढवलेले बदल) बघतो, कारण बहुधा काहीतरी बदललेलं असतं. आता रोलबॅक करतो, म्हणजे जुना कोड परत लावतो; चूक शोधत बसण्याआधी ग्राहकाचा त्रास थांबू दे. थांब, या रिलीजमध्ये टेबलातला कॉलम उडवलाय, जुना कोड त्याच्याशिवाय चालणार नाही, रोलबॅक जमणार नाही.' म्हणूनच कॉलम नेहमी पुढच्या रिलीजमध्ये काढायचा, हे त्या क्षणी ऐकलेलं जन्मात विसरत नाही. ऐरोलीच्या ऑफिसात शेजारी बसलं की हे आपोआप कानावर पडतं. घरून काम करताना सीनियर म्यूटवर असतो, पोरं हलणारा कर्सर बघत बसतात. ऑफिसचे दिवस मंगळवार ते गुरुवार, म्हणून शिकवणं त्यातच, आणि सकाळी. संध्याकाळी सहानंतर ठेवलं तर डोंबिवलीवाल्याचं लक्ष ठाण्याला बदलायच्या गाडीवर असतं. ठाणे-ऐरोलीमधलं दिघा गाव स्टेशन २०२४ ला सुरू झालं, पण गर्दी कमी झाली म्हणणारा अजून भेटायचाय.

मॅनेजरला हे सगळं स्प्रिंटच्या (टीमच्या ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या) हिशेबात धरायला लावतोय. पहिल्या महिन्यात माझे रोजचे दोन तास तरी जाणार, म्हणजे माझी तिकिटं (नेमून दिलेली कामं) कमी. ते लिहून घेतलं नाही तर महिनाअखेरीस मी संथ आणि पोरं परावलंबी ठरणार. सॉफ्टवेअरवाल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशिरा चाललेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी उशिरा होतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. आमच्याकडे ऐन रिलीजच्या तोंडावर तीन दिले. ९० दिवसांची नोटीस आणि शेवटच्या आठवड्यात उरकलेली केटी (जाणाऱ्याने कामाची माहिती सोपवणं), यावरच ज्ञान टिकतं असा सगळ्यांचा समज आहे. केटीवर किती भरवसा ठेवावा हे तुला सांगायला नको.

मशीनचं मात्र आपलं पटणार नाही. तू म्हणालास, पहिले तीन महिने बंदच कर. मला ते पटत नाही. घरी जाऊन वापरतीलच, वर लपवतील. माझा नियम साधा: वापरा, पण पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला टाकताना) प्रत्येक ओळ का आहे ते सांगता आलं पाहिजे. 'त्याने दिलं' हे कारण चालणार नाही.

तर रेटिंग. शेजारच्या टीमच्या लीडशी अदलाबदल करावी असं डोक्यात आहे. माझ्या तिघांचं त्याने द्यायचं, त्याच्या पोरांचं मी, आणि अप्रेझलच्या खोलीत मी फक्त त्यांची बाजू मांडायची. तिथे नाव घेणारं कोणी नसेल तर काम कितीही चांगलं असो, बेल कर्व्ह (वरचं रेटिंग मोजक्यांनाच, हा नियम) गिळून टाकतो. पण एचआर म्हणणार, रिपोर्टिंग लाइन मोडते. तुझ्याकडे हे कसं जमवलं? कोणाशी बोललास, लेखी घेतलंस का?

पोरीची दहावी ना यंदा? तिला माझ्याकडून शुभेच्छा. वहिनींना नमस्कार. पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळाला की अजून बिल्डरच्या खेपाच चालू आहेत?

तुमची ऑन-कॉलची चेकलिस्ट मेलवर पाठव, कंपनीचं नाव-गाव पुसून. आणि रेटिंगचं उत्तर गुरुवारच्या आत दे, शुक्रवारी एचआरशी मीटिंग आहे.

तुझा,
पश्या