बुद्धीचं पॅकेज शाळेत येण्याआधी

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी सांभाळते. गावाने वर्गणी काढून शाळेला दोन जुने कॉम्प्युटर दिले आहेत. मध्यंतरी एक विक्रेता थेट पालकसभेत आला. रोज २० मिनिटं आमचे गेम खेळवा, स्मरणशक्ती वाढेल, शिष्यवृत्तीला मार्क वाढतील, असं छातीठोक सांगून गेला. रोजंदारी बुडवून सभेला आलेल्या तिघांनी तिथल्या तिथे पैसे काढून दिले. मी नको म्हणत होते, माझं कोणी ऐकलं नाही. म्हणून आपल्याला लिहिते आहे.

हे दावे नवे नाहीत. 'जंगल रेंजर्स' नावाच्या गेमने मुलांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती कायमची सुधारते, अशी जाहिरात अमेरिकेत चालली होती. २०१५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या कंपनीवर कारवाई केली. पुढच्याच वर्षी अशाच दाव्यांपायी 'लुमॉसिटी' या बुद्धीच्या गेमच्या कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. २०१३ साली मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम या संशोधकांनी स्मरणशक्तीच्या अशा सरावावरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. सराव केलेल्या कामात मुलं तरबेज होतात, पण त्याचा फायदा वाचनात किंवा गणितात उतरल्याचं त्यांना आढळलं नाही.

तरीही गेम मला हवेत. 'जीकॉम्प्री' हा मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच २००० साली निघाला. तो फुकट मिळतो, इंटरनेटशिवाय चालतो. त्यात हनोईचा मनोरा आहे, एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली काढलेलं कोडं. तीन खांबांपैकी पहिल्यावरची चकत्यांची चळत शेवटच्यावर न्यायची, एका वेळी एकच उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. चार चकत्यांना कमीत कमी १५ चाली लागतात. माझी एक विद्यार्थिनी चाळीसेक चाली करून रडकुंडीला आली आणि तिने माउस ढकलून दिला. मी शेजारी बसले. विचारलं, "सगळ्यात खालची चकती हलायला आधी काय व्हायला पाहिजे?" ती बराच वेळ स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, वरच्या तिन्ही मधल्या खांबावर पाहिजेत. म्हणजे आधी तीनचाच खेळ करायचा!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डब्यांची लहानमोठी झाकणं मांडून तिसरीच्या पोरांना हेच शिकवत होती. स्क्रीनकडे बघत ती गप्प बसली होती ना साहेब, तेवढ्या वेळासाठी मला गेम हवा आहे. आणि तेव्हा शेजारी मोठं माणूस हवं आहे. ते कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाही.

माझं मागणं थोडं आहे. असं सॉफ्टवेअर सरकारी पैशातून घ्यायचं असेल, तर गेम खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांची तुलना आधी मागवा, तीही विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाने केलेली. पालकसभेत विक्रेत्यांना मनाई करा. फुकट मिळणाऱ्या संचांतल्या सूचना बालभारतीच्या पुस्तकांतल्या मराठीत लिहून आणि बोलून द्या. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास असा ठेवा, की शिक्षकांनी स्वतः हे खेळ खेळावेत आणि मूल अडलं की काय विचारायचं, ते एकमेकांना सांगावं.

आणि दोनशिक्षकी शाळांना आठवड्यातून दोन तास तरी आणखी एक माणूस द्या. मी कॉम्प्युटरपाशी बसते तेव्हा माझी तिसरी वाऱ्यावर असते.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका