आधी टाकी, मग ईसीयू : वाळूजच्या उस्तादांना आभाराचं पत्र

आदरणीय उस्ताद,

स. न. वि. वि.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या निस्सान वन-टन ट्रकचं सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन संभाजीनगरजवळच्या तुमच्या वाळूजच्या शेडमध्ये कार्ब्युरेटरवरून फ्युएल इंजेक्शनवर आलं, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. परभणी, जालना, नांदेडकडे अशा डिस्पोजलच्या गाड्या अजून आहेत आणि तुम्ही हातचं न राखता जे सांगितलंत, ते त्यांच्या मालकांपर्यंतही पोचायला हवं.

मे महिन्यात 42-43 अंशांच्या उन्हात ही गाडी चढावर का बंद पडते, हे तुम्ही पंपाला हात लावून समजावलंत. मेकॅनिकल पंप तापलेल्या ब्लॉकलाच बोल्टनं बसवलेला. तो टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून त्याच्या अलीकडच्या पाइपात दाब कमी असतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. पाइपात वाफ झाली की पंप नुसती वाफच ओढत राहतो. म्हणून तर लोक पंपावर ओलं फडकं गुंडाळतात. इंजेक्शनमध्ये इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसतो आणि 3 बार दाबानं पेट्रोल पुढे ढकलतो. त्या दाबाखाली ते सहजी उकळत नाही. जुना पंप जेमतेम 0.3-0.4 बार देतो, त्यावर इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, चालायचे नाहीत.

सगळ्यात मोठे आभार मात्र टाकीसाठी. बहुतेक जण आधी ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, विकत घेतात. तुम्ही बॉनेट उघडायच्याही आधी टाकी उतरवायला लावलीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, जुना गंज आणि गाळ सुटा करतं. कार्ब्युरेटरमध्ये तो फ्लोटच्या वाटीत तळाशी बसायचा, इंजेक्टरच्या बारीक भोकात थेट अडकतो. पंपाच्या आधी 100 मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर 10 मायक्रॉनचा फिल्टर, हा क्रम उलटा झाला तर बारीक फिल्टर ओढीला अडवतो आणि पंप जळतो. साधा रबरी पाइप 20 टक्के इथेनॉलनं फुगतो, म्हणून इंजेक्शनसाठीचाच पाइप घ्यायचा आणि रबर न कापणाऱ्या गोल क्लिपाच लावायच्या.

उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न लाइनसाठी टाकीला वेल्डिंग लावायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात ते फार बरं केलंत. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. त्याऐवजी पेट्रोलच्या काट्याची फ्लोटची पट्टी बाहेर काढून, टाकीपासून लांब नेऊन, तिलाच दोन पाइप ब्रेझ केलेत, म्हणजे पितळेनं जोडलेत. रिटर्नचं तोंड पेट्रोलच्या पातळीखाली आणि ओढीच्या तोंडापासून लांब. नाहीतर फेस होतो आणि पंप तोच फेस उचलतो.

इंजेक्टर निवडण्याचा हिशेब तुम्ही खडूनं पत्र्यावर मांडलात, तो जसाच्या तसा देतो. इंजिन 110 अश्वशक्तीचं धरा. दर अश्वशक्तीला ताशी साधारण 227 ग्रॅम पेट्रोल, म्हणजे ताशी 25 किलो, म्हणजेच सुमारे 34 लिटर. सहा इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला 94 सीसी. इंजेक्टर 80 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून 118. इथेनॉलमुळे सात-आठ टक्के जास्त लागतं, म्हणजे 127 च्या आसपास. यावरून 150 सीसीचे इंजेक्टर ठरले. "मोठा बसवला तर ताकद वाढेल" हा समज तुम्ही तिथेच मोडलात. फार मोठा इंजेक्टर स्लोला, म्हणजे गाडी उभी असताना संथ चालणाऱ्या इंजिनला, इतका थोडा वेळ उघडतो की प्रत्येक फवारा वेगळा पडतो आणि इंजिन हेलकावे खातं. नवे इंजेक्टरसुद्धा तपासल्याशिवाय बसवले नाहीत. सहा काचेच्या नळ्या, 3 बार दाब, 30 सेकंद. प्रत्येकीत 75 सीसीच्या आसपास यायला हवं. एकीत 68 आलं, तो इंजेक्टर तुम्ही तिथल्या तिथे बाजूला ठेवलात.

सिलिंडरांना हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवर इंजेक्टरचे बुश आर्गन वेल्डिंगनं बसवले. फवारा इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल असा कोन, आणि ओ-रिंग कापली जाऊ नये म्हणून भोकाच्या तोंडाला उतार. वेल्डिंगनं मॅनिफोल्ड वाकतो, म्हणून त्याचं तोंड मशीनवर पुन्हा सपाट केल्याशिवाय पॅकिंग लावायचं नाही. तसंच लावलं तर कडेचे सिलिंडर हवा घेतात आणि माणूस आठवडाभर ईसीयूतले आकडे बदलत बसतो.

फिरण्याचा वेग ईसीयूला कळावा म्हणून क्रँकच्या पुलीवर 36 दात्यांचं, एक दाता काढलेलं चाक. इथे तुमची नजर पारखी. पुलीच्या बाहेरच्या कड्यामागे रबर असेल तर ते जुनं होऊन कडं सरकतं आणि टायमिंग खोटं दिसतं, म्हणून चाक आतल्या हबलाच बसवलंत. सेन्सर आणि दात्यात फट 0.8 ते 1 मिमी, सेन्सरची तार जाळीची, आणि जाळीला अर्थ एकाच टोकाला. प्लगच्या साध्या तांब्याच्या वायरी बदलून रेझिस्टन्सच्या घातल्या, नाहीतर ठिणगीचा विजेचा गोंधळ सेन्सरच्या तारेत शिरतो आणि ईसीयूला इंजिन अचानक मिनिटाला 6000 फेऱ्यांवर गेल्यासारखं वाटतं. डिस्ट्रिब्युटर मात्र तुम्ही मुद्दाम तसाच ठेवलात. एका वेळी एकच बदल. तुमची ही शिस्त पाळली नाही, तर चूक इंधनाची की ठिणगीची, हेच कळत नाही.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत मीटर 0.2 व्होल्टच्या आत दिसला पाहिजे. पहिल्यांदा 0.7 दाखवला. रंग खरवडून जाड केबल टाकल्यावर 0.1 वर आला.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडूनच शिकलो, ती इथे लिहून ठेवतो. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून 560-570 मीटरवर, म्हणून इथे 94-95 किलोपास्कल दिसायला हवा. नांदेड खाली आहे, तिथे 97 च्या आसपास. इथे 101 दिसला तर सेन्सरची जुळणी चुकलेली आहे, आणि त्यावर बांधलेलं सगळं ट्यूनिंग फुकट. हे तपासायला एक मिनिट लागतं.

ट्यूनिंगला तुम्ही हवा-पेट्रोलचं 14.7 हे प्रमाण धरूच दिलं नाहीत. ते शुद्ध पेट्रोलचं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलला ते साडेतेराच्या आसपास येतं, म्हणून लॅम्डाच वाचायचा (इंधन कुठलंही असो, नेमक्या मिश्रणाला हा आकडा 1 येतो, पेट्रोल जास्त झालं की 1 च्या खाली): स्लोला 0.95, सपाटीवर एकसारख्या चालीला 1, पूर्ण लोडला 0.87. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात तोंड खाली करून, आडव्यापासून किमान 10 अंश तिरका. इंजिन सुरू झाल्यावरच त्याचा हीटर चालू करायचा, नाहीतर साचलेलं पाणी तापून आतली सिरॅमिक तडकते. पूर्ण लोडचे आकडे तुम्ही शेडमध्ये बसून भरले नाहीत. वजन टाकून कन्नडच्या घाटात चढवून, गिअर न बदलता, ईसीयूतल्या तक्त्याचा एकेक खाना भरलात. पीयूसीत 2000 सालच्या आधीच्या चारचाकीला स्लोवर 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. गाडी त्याच्या बरीच आत आली.

पंपाच्या वायरीत धक्का लागताच करंट तोडणारा स्विच आणि 15 अँपिअरचा फ्यूज, हे दोन्ही तुम्ही शेवटपर्यंत विसरला नाहीत. इंजिन बंद पडलं की 2 सेकंदांत पंप थांबतो का, हे तुम्ही तीन वेळा तपासून घेतलंत, त्यासाठी वेगळे आभार.

काचेच्या सहाही नळ्या धुऊन, गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात वाळूजला आणून देतो. बाजूला ठेवलेला तो इंजेक्टर साफ करून पुन्हा मोजायचा आहे, त्यामुळे दाबाचा काटा जोडूनच ठेवा.

आपले,
परभणीचे वन-टनवाले