मीटरांची एकाच क्षणी गर्दी

संपादक महोदय,

यंत्रा-यंत्रांच्या मोबाइल संवादात खरी अडचण डेटाच्या आकाराची नसते, वेळेची असते. गेलेली वीज परत आली की हजारो स्मार्ट मीटर एकदम जोडणी मागतात. एलटीईच्या (४जी मोबाइल जाळ्याच्या) एका सेलमध्ये, म्हणजे एका अँटेनाच्या टापूत, त्यासाठी जेमतेम ६४ प्रिअँबल (जोडणी मागण्याचे ठराविक रेडिओ संकेत), त्यातलेही काही राखीव. दोन मीटरांनी एकाच क्षणी एकच प्रिअँबल निवडला की टक्कर होते, दोघे पुन्हा प्रयत्न करतात आणि कोंडी वाढतच जाते. म्हणून मीटरमधल्या सॉफ्टवेअर एजंटने (जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) चालू होताच धाव घेऊ नये. पुढच्या काही मिनिटांतला कोणताही क्षण यादृच्छिक निवडावा, फसल्यास दरवेळी प्रतीक्षा दुप्पट करावी. उत्पादकांनी हे फर्मवेअरमध्ये (मीटरमध्ये बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आधीच घालावे. मीटर भिंतीवर बसल्यावर, तेही क्षीण सिग्नलवर, अपडेट पाठवणे फार जिकिरीचे असते.

– एक दूरसंचार अभियंता