शेवटच्या बाकावर बसलेल्या प्रयोगशाळा सहायकांना

सप्रेम नमस्कार.

मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा आम्हा प्राध्यापकांवर सूचनांचा नुसता पाऊस पडला. लिंक कशी बनवायची, हजेरी कशी घ्यायची, रेकॉर्डिंग कुठे चढवायचं. तुम्ही मात्र कुणी न सांगता आमच्या तासिकांना विद्यार्थी होऊन बसलात. साध्या फोनवर, वायफाय बंद करून. तास संपला की तुमचा फोन यायचा: "मॅडम, सिग्माच्या डोक्यावरचा 2 दिसलाच नाही. आणि तुम्ही 'हे इथून आलं' म्हणालात तेव्हा आमच्याकडे अजून आधीचंच पान होतं."

संख्याशास्त्रात नुसता सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, आणि त्याचा वर्ग म्हणजे प्रचरण. तो 2 दिसला नाही तर दोघांतला फरकच उरत नाही! वर्गात मुलांच्या भुवया बघून मी दोन ओळी मागे जाते. इथे समोर नावांच्या काळ्या चौकटी. "समजलं का?" विचारलं की शांतता, मग चॅटमध्ये एखादं "येस मॅम". त्यावरून कुणाला काय कळणार? त्या दिवसांत मुलांच्या बाजूची खरी बातमी मला फक्त तुमच्याकडून मिळत होती.

कॅमेरे सक्तीने चालू ठेवायला लावावेत, असा विभागाच्या बैठकीत सूर निघाला, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. एका कागदावर हिशेब मांडलात: तासाभराच्या व्हिडिओला सहज अर्धा-एक जीबी डेटा, नुसत्या आवाजाला 30-40 एमबी. विषय तिथेच मिटला. (कॅमेरा बंद म्हणजे मुलं झोपलेली, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. त्यांना तो कागद दाखवावासा वाटतो.)

तुमचा सगळा जोर आवाजावर. चित्र अडकलं तर मुलं थांबतात, आवाज तुटला की निघून जातात, हे तुमचं म्हणणं. म्हणून लॅपटॉपचा माइक सोडून साध्या इअरफोनवर बोलायला लावलंत. कपाटात धूळ खात पडलेला पेन टॅब्लेट शोधून आणलात, आणि तयार स्लाइड सरकवण्याऐवजी मी गणितं हाताने सोडवायला लागले. तासाचे लहान तुकडे करायचा हट्टही तुमचाच. पुढे एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा 2014 सालचा एक अभ्यास वाचनात आला. व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे 69 लाख नोंदी त्यात तपासल्या होत्या. मुलं सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ जास्त लक्ष देऊन बघतात, आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेलं त्यांना धरून ठेवतं, असं त्यात निघालं. तुम्ही तो वाचला होता की फोनवर आमचे तास ऐकूनच ओळखलं होतं, हे विचारायचं राहिलं आहे.

आणि हो, स्क्रीनवर स्वतःचा चेहरा लपवायचं ते बटण! संध्याकाळची डोकेदुखी निम्म्याने उतरली.

आता आम्ही पुन्हा खडू-फळ्यावर आहोत. परीक्षा जवळ आली की मुलं ते जुने तुकडे अजून मागतात, दुसऱ्या विभागांतली मुलंसुद्धा. विभागाच्या अहवालात 'ऑनलाइन अध्यापन' या मथळ्याखाली आम्हा सगळ्या प्राध्यापकांची नावं छापली आहेत, तुमचं नाही. ते घालावं म्हणून विभागप्रमुखांना अर्ज दिला आहे आणि या पत्राची प्रत त्याला जोडली आहे.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका