गेमची डिग्री आणि प्रॅक्टिकलची फाईल

संपादक महोदय,

मी नागपुरातल्या एका कॉलेजात गेम डेव्हलपमेंटच्या डिग्रीला प्रोग्रामिंग शिकवतो, तासिका तत्त्वावर. तिथली परीक्षा बघून हे पत्र लिहून राहिलो.

मागच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक आले, फाईलची इंडेक्स बघितली, सर्टिफिकेटवर सही आहे का ते बघितलं, व्हायवाचे दोन प्रश्न विचारले आणि चहा घेऊन गेले, पोरांचा गेम समोर स्क्रीनवर चालू होता पण कीबोर्डला हात लावला नाही. एक पोरगा नंतर म्हणे, "सर, खेळून तं पाहिलंच नाही ना त्यांनी." खेळले असते तर तिसऱ्या उडीलाच हिरो जमिनीतून आरपार खाली गेला असता, कारण त्या प्लॅटफॉर्मला कोलायडर, म्हणजे वस्तू एकमेकींतून आरपार जाऊ न देणारी अदृश्य चौकट, लावायचा राहिला होता. असले घोळ शोधून काढायला शिकायचं म्हणून तर हा कोर्स आहे! पण फाईल चकाचक, मार्क पैकीच्या पैकी. थिअरीत 'गेम इंजिनचे (म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचे) फायदे लिहा', ते पोरं गाईडमधून पाठ करतात.

अमेरिकेत रेडमंडच्या डिजिपेन या कॉलेजात १९९८ पासून गेम प्रोग्रामिंगची डिग्री आहे, तिथे पोरं टीम करून गेम बनवतात, प्रोग्रामर वेगळा, आर्टवाला वेगळा. आपल्याकडे टीम म्हटलं की लगेच प्रश्न, एकटा राबतो आणि बाकीचे नाव लावतात, मग मार्क कसे द्यायचे? अहो, पहिल्या सेमपासून गिट नावाचं सॉफ्टवेअर वापरायला लावा, कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते, सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं एकदम चढवणारे हिरो पण दिसतात त्यात.

आणि सिलॅबसमध्ये एकाच इंजिनचं नाव छापू नका. युनिटी या इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या इन्स्टॉलमागे डेव्हलपरकडून फी घ्यायचं जाहीर केलं, डेव्हलपर लोक भडकले, २०२४ मध्ये ते रद्द करावं लागलं. आपल्याकडे बोर्ड ऑफ स्टडीजमधून सिलॅबस बदलून येईपर्यंत एखादी बॅच पास होऊन जाते. गोडो हे दुसरं इंजिन फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साधे टूडी गेम लॅबच्या जुन्या पीसीवरही निघतात.

विद्यापीठाने एवढं तरी करावं, एक्स्टर्नल म्हणून स्टुडिओत काम करणारा माणूस बोलवावा, प्रवासखर्च परवडत नसेल तर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसवावा, आणि जो कोणी येईल त्याने आधी दहा मिनिटं गेम खेळावा, फाईल मग बघावी.

– एक तासिका प्राध्यापक, नागपूर