17 जूनचं तिकीट

कोल्हापूर,
24 मे 2026

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट पक्कं झालं हे आईनं सांगितल्यापासून माझं कशात लक्ष नाही. फुटबॉल विश्वचषक, 17 जून, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, उझबेकिस्तान विरुद्ध कोलंबिया. फोनवर तू जरा नाराजीनं म्हणालीस, "मेक्सिकोच्या मॅचचं नाही मिळालं पप्पा, हेच मिळालं." त्या "हेच"साठी हे पत्र. फोनवर सांगायला घेतलं की तुझं लेक्चर आडवं येतं. पत्र तू विमानात निवांत वाचशील.

आधी तारीख बघ. 17 जून 1970 ला याच अझ्टेका स्टेडियमवर इटली आणि पश्चिम जर्मनीची सेमीफायनल झाली. आठव्या मिनिटाला बोनिनसेन्यानं इटलीचा गोल केला आणि जर्मनीला बरोबरी साधायला शेवटच्या क्षणापर्यंत झगडावं लागलं. जादा वेळेत पाच गोल पडले. इटली 4, जर्मनी 3. बेकेनबाउरचा खांदा निखळला होता आणि जर्मनीचे बदली खेळाडू संपले होते, म्हणून तो हात छातीशी बांधून खेळत राहिला. त्या सामन्याला लोक शतकातला सामना म्हणतात आणि स्टेडियमवर त्याच्या नावाची पाटी लावलेली आहे. बरोबर छप्पन्न वर्षांनी, त्याच तारखेला, तू तिथं बसणार आहेस.

आता संघ बघ. उझबेकिस्तानचा हा पहिलाच विश्वचषक. 2024 च्या आशिया कपात, कतारमध्ये, याच संघानं आपल्याला 3-0 नं हरवलं होतं. आपण दोघांनी तो सामना टीव्हीवर पाहिला आणि तू जेवली नव्हतीस. त्यांची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही. तिथवर पोचायला त्यांना काय करावं लागलं असेल, याचा विचार करत त्यांच्या पोरांना मैदानात येताना बघ. राष्ट्रगीताच्या वेळी त्यांचे चेहरे मला तुझ्याकडून ऐकायचे आहेत, कॅमेरा दाखवेल तेवढ्यावर माझं भागणार नाही.

आणि कोलंबिया. 1986 चा विश्वचषक खरं तर त्यांच्या देशात व्हायचा होता. 1982 मध्ये त्यांनी एवढा खर्च झेपणार नाही म्हणून यजमानपद सोडलं आणि ते मेक्सिकोकडे गेलं. पुढं 19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिको सिटीत भयंकर भूकंप झाला, हजारो माणसं गेली. तरी पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस स्पर्धा सुरू झाली. कोलंबियानं सोडलेल्या त्या विश्वचषकाची फायनल जिथं झाली, तिथंच आता त्यांचा संघ खेळणार.

86 मध्ये आमच्या पेठेत टीव्ही मोजकेच होते. इंग्लंड-अर्जेंटिना सामना रविवारी रात्री साडेअकराला. तिकडं भर दुपार होती. युरोपातल्या लोकांना संध्याकाळी टीव्हीवर बघता यावं म्हणून खेळाडूंना टळटळीत उन्हात उतरवलं होतं, तेही समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर. आपलं महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर, म्हणजे हिशेब लागेल. विरळ हवेत चेंडू नेहमीपेक्षा जोरात जातो आणि माणसाला धाप लवकर लागते. तू पायऱ्या सावकाश चढ.

त्या सामन्यातली एक गोष्ट मला गोलांइतकीच आठवते. मैदानाच्या मधोमध कोळ्यासारखी एक मोठी काळी सावली पडली होती. मैदानावर तारांनी लाउडस्पीकर टांगलेले होते, त्यांची ती सावली. जूनमध्ये तिथं दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून ती थेट सेंटरला पडायची. सेकंड हाफमध्ये मॅराडोनानं आधी हातानं गोल केला आणि चारच मिनिटांत तो दुसरा. आपल्या हाफमध्ये चेंडू घेतला, गिरकी मारून दोघांच्या मधून निसटला आणि थेट इंग्लंडचा गोलकीपर शिल्टनलाही चुकवून चेंडू जाळ्यात. अंगात निळा शर्ट. सामन्याच्या आधी ते शर्ट मेक्सिको सिटीतल्याच एका दुकानातून घाईनं आणले होते आणि पाठीवरचे चकचकीत आकडे अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवरचे होते. त्या रात्री आम्ही पोरं झोपलोच नाही. सकाळी गल्लीत प्रत्येकजण चेंडू घेऊन गिरकी मारत होता.

हे तुला माझ्याकडून ऐकून पाठ आहे, मला माहीत आहे. तिथल्या गाईडकडूनही हेच ऐकशील: पेले, मॅराडोना, 70 आणि 86. आणि यंदा 11 जूनला मेक्सिको-दक्षिण आफ्रिका सामना झाला की तीन पुरुष विश्वचषक भरवणारं जगातलं पहिलं स्टेडियम. पण माझ्या मनातलं खरं कारण पुढं आहे. मलाही हे कळून फार वर्षं झाली नाहीत.

15 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर 1971 या काळात मेक्सिकोत बायकांचा विश्वचषक झाला. मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, इटली असे सहा संघ होते आणि सामने अझ्टेका आणि ग्वादालाहाराच्या हालिस्को स्टेडियमवर झाले. फिफाची मान्यता नव्हती, आणि अजूनही ती स्पर्धा त्यांच्या अधिकृत विश्वचषकांत धरत नाहीत. इंग्लंडमध्ये तर 1921 पासून जवळपास पन्नास वर्षं बायकांना फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर पायच ठेवू दिला नव्हता. त्या देशातून पोरी आल्या, त्यात एक तेरा वर्षांची. घरी त्या बागेत, चिखलात, चार माणसांसमोर खेळायच्या. इथं विमानतळावर उतरल्या तर कॅमेरे आणि गर्दी! गोलपोस्टना गुलाबी पट्टे रंगवले होते, म्हणजे आयोजकांचीही नजर धंद्यावर होती. पण लोक सामने बघायला आले ते आलेच.

फायनल डेन्मार्क-मेक्सिको. अझ्टेकात सुमारे एक लाख दहा हजार माणसं. डेन्मार्कनं 3-0 नं जिंकली आणि तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसेन नावाच्या मुलीचे. वय पंधरा.

पंधरा, सोनू. त्या वयात तू आपल्या शाळेच्या मैदानावर लेफ्ट बॅक खेळायचीस आणि मुलांची प्रॅक्टिस संपेपर्यंत तुम्हाला कडेला थांबावं लागायचं. अंधार पडत आलेला असायचा, गोलकीपरला चेंडू दिसायचा नाही. एका नातेवाइकानं मला विचारलं होतं, "पोरीला पायाला लागलं तर पुढं काय?" मी तेव्हा काही बोललो नाही, तू खेळत राहिलीस हेच उत्तर होतं. ज्या शहरात पोरांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की दुकानदार लवकर शटर ओढतात, तिथं पोरींच्या सामन्याला बघायला आईबापच असायचे. म्हणून एक लाख दहा हजार हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुन्हा पुन्हा वाचला. लोक येत नाहीत, बायकांचा खेळ कोण बघणार, हे आयुष्यभर ऐकत आलो होतो. 1971 मध्ये लोक आले होते. मैदान मिळालं आणि लोक आले. त्यानंतर इंग्लंडच्या मुली घरी परतल्या तर त्यांच्यावर बंदी घातली गेली, आणि फिफाचा पहिला महिला विश्वचषक व्हायला 1991 साल उजाडलं. मधली वीस वर्षं कुणी खाल्ली याचा मला आजही राग येतो.

आपण 2022 च्या ऑक्टोबरमध्ये नेरूळला डी. वाय. पाटीलवर 17 वर्षांखालील मुलींची फायनल बघितली ना, स्पेननं कोलंबियाला 1-0 नं हरवलं ती? तू कोलंबियाच्या लिंडा कायसेडोच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडत होतीस. तेव्हा तुझ्या बाजूला बसून मी हेच मनात मोजत होतो, की या पोरींना इथं पोचायला किती उशीर लावला.

तर माझं मागणं एवढंच. तुझ्या सीटवर बसलीस की पेले आणि मॅराडोना आठवच, पण त्याआधी त्या सुसानला आठव. तू स्वतः त्या जागेवर खेळलेली आहेस, म्हणजे मैदानातली, टचलाइनजवळची, जिथून डावीकडून येणारा विंगर अडवायचा असतो. ती जागा शोध आणि बघ, तिथून वर स्टँड केवढा उंच दिसत असेल. स्टेडियमचं नूतनीकरण झालंय, बँकेचं नाव दिलंय, आणि स्पर्धेपुरतं फिफा त्याला मेक्सिको सिटी स्टेडियम म्हणणार आहे. तू कुणाला रस्ता विचारशील तर अझ्टेकाच म्हण.

जायची नेहमीची वाट: मेट्रोची दोन नंबरची लाइन शेवटपर्यंत, तास्केन्याला उतरायचं, तिथून लाइट रेल्वे थेट स्टेडियमच्या दारात. स्पर्धेत गर्दीमुळं बदल करतील, आदल्या दिवशी चौकशी कर. सामन्याच्या आधी तासभर हाताशी ठेव. बाहेर अलेक्झांडर काल्डरचं "लाल सूर्य" नावाचं भलंमोठं लोखंडी शिल्प आहे, 1968 च्या ऑलिंपिकसाठी उभारलेलं. त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढ. सगळा परिसर ज्वालामुखीच्या दगडावर वसलाय, काळा खडक कुठं दिसतो का बघ. आपल्याकडचा बेसाल्ट ओळखणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थिनीला दिसलाच पाहिजे.

जूनमध्ये तिथं दुपारनंतर पाऊस येतो. आई रेनकोट म्हणतेय, छत्री आत सोडणार नाहीत बहुधा. पाणी पीत राहा, उंचीनं डोकं दुखतं. मैत्रिणीला सोडून कुठं जाऊ नकोस.

इथं पेठेत झेंडे लागायला सुरुवात झाली आहे. ब्राझील आणि अर्जेंटिनाचेच जास्त, उझबेकिस्तानचा अजून दिसला नाही. मी चौकातल्या टेलरला शिवायला टाकलाय. अठरा तारखेला सकाळी आपल्याकडं सामना लागेल तेव्हा तो आपल्या गॅलरीत असेल. सामना चालू असताना फोन लावू नकोस, मला तू काय बोलतेस ते ऐकू येणार नाही आणि तुझा खेळही चुकेल. संपल्यावर बाहेर पडून लाव, कितीही वेळ झाला तरी. आईला आधी तू जेवलीस का ते सांग, मग मला राष्ट्रगीतापासून सांगायला घे.

तुझे,
पप्पा