तेव्हा देव कुठं होता?

संपादक साहेब, २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, बायाबापड्या नि लेकरं गेली, त्यांचा काय गुन्हा होता हो? पाणी ओसरल्यावर आमचा देव्हारा चिखलानं भरलेला, आई जुन्या टूथब्रशनं बाळकृष्ण घासत होती नि रडत होती. मागच्या जन्मीचं पाप म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, दुसऱ्याच्या लेकराबद्दल असं बोलवतं तरी कसं! १६३० च्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली, तेसुद्धा विठ्ठलाशी भांडले, पण त्याला सोडलं नाही. आमच्या दारात अनोळखी पोरं भाकरी-ठेचा घेऊन आली, त्यांच्यात मला देव दिसला, पण त्या बोटीतल्या लेकरांचं उत्तर अजून मिळालं नाय.

– एक वाचक, सांगली